उरलेल्या माणसांचे विज्ञान : युद्धोत्तर पोलंडचा एक हिशेब

१/
क्त्सिन्या हे पोलंडमधील एक लहानसे गाव. दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत तेथे साठीतले एक गृहस्थ सौंदर्यप्रसाधने आणि घरगुती वापराची रसायने बनवणारा छोटा कारखाना चालवीत होते. त्यांचे नाव यान चोखराल्स्की. आज ज्या सिलिकॉनच्या चकत्यांवर संगणकाच्या आणि फोनच्या चिप्स घडवल्या जातात, त्यांतील बहुतेक सिलिकॉन याच गृहस्थांनी १९१६ साली शोधलेल्या पद्धतीने वाढवले जाते. एवढा मोठा धातुशास्त्रज्ञ विद्यापीठ सोडून प्रसाधने का विकत बसला होता, या प्रश्नातून युद्धोत्तर पोलिश विज्ञानाची गोष्ट नीट उलगडते. 🧵

२/
या काळाविषयी दोन सोप्या कथा नेहमी सांगितल्या जातात. पहिली म्हणते, साम्यवादी राजवटीत विज्ञान गुदमरले, नवे काहीच घडले नाही. दुसरी म्हणते, उद्ध्वस्त देशात राज्यसंस्थेने नियोजन करून सारे विज्ञान शून्यातून उभे केले. दोन्ही कथांना थोडाथोडा आधार आहे आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. या धाग्याचे म्हणणे असे : पोलंडचे विज्ञान सावरले ते युद्धातून वाचलेल्या माणसांमुळे आणि त्यांनी सोबत आणलेल्या परंपरांमुळे. ते जेथे खुरटले, तेथे बहुतेक वेळा पैशापेक्षा संशयच अधिक आडवा आला.

३/
प्रथम विध्वंसाचे स्वरूप. जर्मन सत्तेने पोलंडमधील शिकलेला वर्ग ठरवून नष्ट करण्याचा प्रयत्न केला. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी क्राकुफच्या यागिएलोनियन विद्यापीठातील प्राध्यापकांना व्याख्यानाच्या निमित्ताने सभागृहात बोलावून अटक झाली आणि बहुतेकांची रवानगी साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत करण्यात आली. जुलै १९४१ मध्ये ल्वूफ शहर जर्मनांच्या हाती पडताच तेथील वीसहून अधिक प्राध्यापकांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत वैद्यकाचे प्राध्यापक होते, अभियंते होते, गणितज्ञही होते. शाळांवरील निर्बंध इतके कडक होते की उच्च शिक्षण भूमिगत चालवावे लागले.

४/
ल्वूफमधील जे वाचले, त्यांतील काहींचे प्राण उवांमुळे वाचले. रुडॉल्फ वाइग्ल यांनी टायफसवरील लस उवांच्या आतड्यापासून बनवण्याची पद्धत शोधली होती. त्यासाठी उवांना माणसाचे रक्त लागे. उवांच्या छोट्या पेट्या पायाला बांधून घेणारी माणसे त्यांच्या संस्थेत कामाला असत. जर्मन सैन्याला लस हवी होती, त्यामुळे या संस्थेचे ओळखपत्र जवळ असणाऱ्याला बऱ्याच अंशी संरक्षण मिळे. वाइग्ल यांनी याचा उपयोग करून अनेक विद्वानांना आश्रय दिला. आधुनिक विश्लेषणाचे एक जनक स्टेफान बानाख यांनी जर्मन अमलाचा काळ येथेच उवांना रक्त पाजत काढला. युद्ध संपले त्याच वर्षी, ऑगस्ट १९४५ मध्ये, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

५/
पुढे नकाशाच सरकला. ल्वूफ सोव्हिएत संघाकडे गेले आणि जर्मनीचे ब्रेस्लाऊ शहर पोलंडला मिळाले. त्याचे पोलिश नाव व्रॉत्सवाफ. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. पोलिश विद्वान ज्या इमारतींत राहायला आले, तेथील जर्मन रहिवाशांना पुढील काही वर्षांत शहर सोडावे लागले आणि ज्यांनी इमारतींचा ताबा घेतला तेही स्वतःच्या गावातून उखडलेले होते. एका विस्थापनावर दुसरे विस्थापन वसले. जर्मन सैन्याने ६ मे १९४५ रोजी तेथे शरणागती पत्करली आणि अवघ्या काही दिवसांत वनस्पतिशास्त्रज्ञ स्तानिस्वाफ कुल्चिन्स्की यांच्या नेतृत्वाखाली पोलिश विद्वानांची पहिली तुकडी त्या जळक्या शहरात दाखल झाली.

६/
कुल्चिन्स्की हे ल्वूफ विद्यापीठाचे माजी कुलगुरू होते. व्रॉत्सवाफमध्ये विद्यापीठ आणि तंत्रमहाविद्यालय प्रारंभी त्यांच्याच हाताखाली एकत्र चालले. ल्वूफहून प्राध्यापक आले, सहायक आले, विख्यात ओसोलिनेउम ग्रंथालयाचा काही भागही आला. त्यांच्याबरोबर शिकवण्याची रीत, चर्चा करण्याची सवय आणि एकमेकांचे काम तपासण्याचा रिवाजही आला. इमारतीला छप्पर घालता येते, यंत्रे विकत घेता येतात. गुरुशिष्यांची परंपरा मात्र आदेश काढून निर्माण होत नाही.

७/
याचे सुंदर उदाहरण गणितात सापडते. युद्धापूर्वी ल्वूफचे गणितज्ञ ‘स्कॉटिश कॅफे’ नावाच्या उपाहारगृहात जमत. न सुटलेली कोडी ते एका जाड वहीत लिहून ठेवत आणि सोडवणाऱ्याला बक्षीस लावत. कधी मद्याची बाटली, कधी जेवण. स्तानिस्वाफ माझूर यांनी १९३६ साली एका प्रश्नासाठी जिवंत हंस देऊ केला होता. ही वही युद्धातून वाचली. ह्यूगो स्टाइनहाउस यांनी तिची प्रत अमेरिकेतील जुने सहकारी स्तानिस्वाफ उलाम यांना पाठवली आणि ती इंग्रजीतून जगभर पोहोचली. १९७२ साली स्वीडनच्या पेर एनफ्लो यांनी माझूर यांचा प्रश्न सोडवला आणि वॉर्सामध्ये त्यांना खरोखरच जिवंत हंस देण्यात आला. छत्तीस वर्षे, एक महायुद्ध आणि बदललेल्या सीमा ओलांडून दिलेला शब्द पाळला गेला.

८/
स्वतः स्टाइनहाउस ज्यू कुळातले. जर्मन अमलात ते खोट्या नावाने खेड्यांत लपून राहिले होते. युद्धानंतर व्रॉत्सवाफला आल्यावर त्यांनी १९४६ साली ‘नवी स्कॉटिश वही’ सुरू केली. परंतु त्यांचे त्यानंतरचे काम अधिक लक्षणीय आहे. शुद्ध गणितात नाव कमावलेला हा माणूस आता कारखान्यांतील मालाची गुणवत्ता नमुने घेऊन कशी तपासावी, मानवशास्त्राच्या मोजमापांचे गट कसे पाडावेत, असे प्रश्न हाताळू लागला. पितृत्वाच्या न्यायालयीन दाव्यांत रक्तगटाच्या चाचणीवरून किती खात्रीने बोलता येते, याचेही गणित त्यांनी मांडले. उद्ध्वस्त देशाला काय हवे आहे, हे त्यांनी ओळखले होते.

९/
रक्तगटांचा उल्लेख निघाल्यावर व्रॉत्सवाफचे दुसरे मोठे नाव घ्यायलाच हवे : लुडविक हिर्शफेल्ड. १९१० च्या सुमारास हायडेलबर्ग येथे त्यांनी एमिल फॉन डुंगेर्न यांच्यासह रक्तगट आनुवंशिक असतात हे दाखवले. ए, बी, एबी, ओ ही आज सर्वत्र रूढ असलेली नावेही त्याच दोघांच्या कामातून आली. पहिल्या महायुद्धात त्यांनी आणि त्यांच्या पत्नी हाना यांनी सालोनिका आघाडीवर निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले. त्यांत भारतीय सैनिकही होते आणि त्यांच्यात बी गटाचे प्रमाण युरोपीयांपेक्षा बरेच अधिक आढळले. १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांमुळे मानवसमूहांच्या रक्ताचा तौलनिक अभ्यास सुरू झाला.

१०/
दुसऱ्या महायुद्धात हिर्शफेल्ड यांना ज्यू म्हणून वॉर्साच्या घेट्टोत कोंडण्यात आले. तेथेही त्यांनी टायफसशी झुंज दिली, तरुणांना गुपचूप वैद्यक शिकवले आणि शेवटी ते निसटले. त्यांची एकुलती एक मुलगी युद्धकाळातच दगावली. इतके गमावून १९४५ मध्ये ते व्रॉत्सवाफला आले आणि वैद्यक विद्याशाखेचे पहिले अधिष्ठाता झाले. हाना यांनी बालरोगांचा विभाग उभारला. आई आणि गर्भ यांच्या रक्ताचा मेळ न बसल्याने दगावणाऱ्या नवजात बालकांचे रक्त बदलून त्यांना वाचवण्याचे काम या दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे केले. स्वतःचे मूल गमावलेल्या आईवडिलांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी केलेले हे काम आहे.

११/
हिर्शफेल्ड यांनी स्थापन केलेली प्रतिकारशक्तिशास्त्राची संस्था पोलिश विज्ञान अकादमीत आली आणि त्यांच्या निधनानंतरही (१९५४) चालू राहिली. जीवाणूंना खाणाऱ्या विषाणूंचा, म्हणजे फेजचा, उपचारासाठी उपयोग करण्याचे काम तिने दीर्घकाळ केले. प्रतिजैविके आल्यावर पश्चिमेने हा मार्ग जवळजवळ सोडून दिला होता. व्रॉत्सवाफने आणि जॉर्जियातील तिबिलिसीने तो जपला. १९८० च्या दशकात स्टेफान स्वोपेक यांच्या गटाने शेकडो रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केले. ते आजच्या कठोर चाचण्यांच्या कसोटीला पूर्णपणे उतरत नाहीत, हे खरे. तरीही प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढत असताना जग आज त्या जुन्या कामाकडे पुन्हा वळून पाहते आहे.

१२/
भौतिकशास्त्रातील उदाहरण तर अधिकच बोलके. १९५२ साली वॉर्सामध्ये मारियान डानिश आणि येझी प्न्येव्हस्की हे दोघे सूक्ष्मदर्शकाखाली वैश्विक किरणांच्या खुणा तपासत होते. छायाचित्रणाच्या जाड इमल्शनवर उमटलेल्या त्या खुणांत त्यांना पहिला ‘हायपरन्यूक्लियस’ सापडला. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या जोडीला तिसराच कण सामावून घेणारे हे केंद्रक. बेचिराख झालेल्या राजधानीत महागडे त्वरक नव्हते. डानिश यांची युद्धोत्तर काळात ब्रिटनमधील इमल्शन वापरणाऱ्या संशोधकांशी ओळख झालेली होती. ती ओळख, सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर एक नवे संशोधनक्षेत्र उघडले.

१३/
वैद्यकातही सीमेपलीकडचा विश्वास कामी आला. वॉर्सात जन्मलेले हिलारी कोप्रोव्हस्की १९३९ साली देश सोडून गेले होते आणि अमेरिकेत त्यांनी पोलिओची तोंडावाटे द्यायची जिवंत लस तयार केली होती. पोलंडमध्ये १९५८ साली पोलिओचे सुमारे सहा हजार रुग्ण नोंदले गेले. शीतयुद्ध ऐन भरात असतानाही फेलिक्स प्शेस्मित्स्की यांच्या पुढाकाराने १९५९ पासून लाखो मुलांना कोप्रोव्हस्की यांची लस देण्यात आली. काही वर्षांतच रुग्णांची संख्या हजारांवरून काही डझनांवर आली. परदेशी गेलेला माणूस गद्दार ठरवला गेला असता, तर त्याची किंमत मुलांनी पायांनी चुकवली असती.

१४/
येथवरच्या कामगिरीत राज्यसंस्थेचा वाटा नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. संस्था, वेतन, प्रयोगशाळा, मोफत शिक्षण हे सारे सरकारी पैशातून आले. १९५९ साली व्रॉत्सवाफमध्ये एल्व्रो हा संगणकांचा कारखाना सुरू झाला. त्याचे ‘ओड्रा’ संगणक इतके दणकट निघाले की ‘ओड्रा १३०५’ हे प्रारूप रेल्वेच्या सेवेत २०१० पर्यंत टिकून होते. याच राज्यसंस्थेने जुन्या, स्वायत्त विद्वत्संस्थांचे पंख छाटून १९५१–५२ मध्ये त्यांच्या जागी एकच विज्ञान अकादमी आणली. काही वर्षे जीवशास्त्रावर लिसेंकोचे खुळही लादले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणारी ही सत्ता होती. काढून घेण्याची वेळ येई, तेव्हा कारण बहुधा एकच असे : ‘हा माणूस आपला आहे का?’

१५/
मारियान रेयेव्हस्की यांचे उदाहरण घ्या. १९३२ साली जर्मन एनिग्मा यंत्राची रचना गणिताच्या आधारे उलगडणारा हा माणूस १९४६ मध्ये ब्रिटनहून मायदेशी परतला आणि बिडगॉश्चमधील एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून कामाला लागला. पश्चिमेकडून आलेला म्हणून गुप्तचर खात्याची त्याच्यावर नजर होती. आपण काय केले आहे, हे सांगण्याची सोय नव्हती. एनिग्माचे रहस्य १९७० च्या दशकात उघड होईपर्यंत शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही त्याची थोरवी ठाऊक नव्हती. विसाव्या शतकातील एका अत्यंत कुशाग्र गणितज्ञाची बुद्धी कारखान्याच्या खतावण्यांत खर्ची पडली.

१६/
आता पुन्हा चोखराल्स्की. बर्लिनमधील एईजी कंपनीत काम करताना त्यांना असे दिसले की वितळलेल्या धातूतून अणकुचीदार टोक हळूहळू वर ओढले तर मागोमाग एकसंध स्फटिकाचा धागा तयार होतो. दौतीऐवजी चुकून वितळलेल्या कथलात टाक बुडवल्याने हे सुचले, अशी आख्यायिका आहे. रेल्वेच्या बेअरिंगसाठी त्यांनी कथिलाशिवाय बनवलेला मिश्रधातूही गाजला. १९२८ साली राष्ट्राध्यक्ष इग्नात्सी मोश्चित्स्की, जे स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते, त्यांच्या निमंत्रणावरून ते पोलंडला परतले आणि वॉर्सा तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले.

१७/
जर्मन अमलात त्यांनी अधिकाऱ्यांच्या परवानगीने धातुपरीक्षणाची प्रयोगशाळा चालवली. तेवढ्यावरून १९४५ साली त्यांना शत्रूशी सहकार्य केल्याच्या आरोपाखाली अटक झाली. पुराव्याअभावी काही महिन्यांत सुटका झाली, पण वर्षअखेरीस तंत्रविद्यापीठाच्या अधिसभेने त्यांना परत घेण्यास नकार दिला. न्यायाने सोडलेल्या माणसाला सहकाऱ्यांनी सोडले नाही. जन्मगावी, क्त्सिन्याला, प्रसाधनांचा तो कारखाना उभा राहिला तो असा. एप्रिल १९५३ मध्ये सुरक्षा पोलिसांनी घराची झडती घेतल्यानंतर त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि पोझनान येथे त्यांचे निधन झाले.

१८/
याच वर्षांत अमेरिकेत काय चालले होते? १९४८ पासून बेल प्रयोगशाळेत गॉर्डन टील आणि त्यांचे सहकारी चोखराल्स्कींच्याच पद्धतीने जर्मेनियमचे, पुढे सिलिकॉनचे एकस्फटिक वाढवत होते. अर्धसंवाहक उद्योगाचा पाया तेथे घातला जात होता. पद्धतीचा जनक तेव्हा जिवंत होता आणि अध्यापनाच्या वयाचाही होता. त्याला प्रयोगशाळा मिळाली असती तर पोलंड या क्षेत्रात अग्रेसर झाला असता, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण ती शक्यता तपासून पाहण्याची संधी देशाने स्वतःच दवडली, एवढे निश्चित सांगता येते.

१९/
येथे आक्षेप येऊ शकतो, आणि तो वाजवी आहे. पाच वर्षांच्या जुलमी ताब्यानंतर सहकार्य करणाऱ्यांचा शोध घेणे चूक कसे? शत्रूला मदत करणारे खरोखरच होते. माणसे मारली गेली होती, आप्त गमावलेल्यांचा क्षोभ समजण्याजोगा होता. परंतु शोध घेणे वेगळे आणि शोधात काही न सापडल्यावरही शिक्षा चालू ठेवणे वेगळे. जर्मनांसाठी लस बनवणाऱ्या वाइग्ल यांच्यावरही असेच शिंतोडे उडाले. त्यांच्या त्याच संस्थेने किती जणांना जगवले, हे ठाऊक असलेली माणसे भोवती असतानाही.

२०/
संशय ही केवळ साम्यवादी राजवटीची मक्तेदारी होती, असेही समजू नये. आइनस्टाइन यांचे सहकारी लेओपोल्ड इन्फेल्ड कॅनडात टोरंटो विद्यापीठात प्राध्यापक होते. पोलंडला काही काळ जाण्याचा त्यांचा बेत कळताच ते अणुरहस्ये घेऊन जातील असा गहजब तेथील राजकारण्यांनी आणि वृत्तपत्रांनी केला. ते अणुबॉम्बवर कधी कामालाच नव्हते. अखेर १९५० साली ते पोलंडमध्येच राहिले आणि वॉर्साच्या सैद्धांतिक भौतिकशास्त्राची घडी त्यांनी बसवली. टोरंटो विद्यापीठाने त्यांचा सन्मान केला तो १९९५ साली, त्यांच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी. कॅनडाने गमावले ते वॉर्साने कमावले.

२१/
वॉर्साने मात्र त्यातून धडा घेतला नाही. मार्च १९६८ मधील विद्यार्थी आंदोलनानंतर सत्ताधाऱ्यांनी ज्यूविरोधी मोहीम चालवली. झिग्मुंट बाउमन, लेशेक कोवाकोव्हस्की यांच्यासारख्यांना वॉर्सा विद्यापीठातून काढण्यात आले. पुढील काही वर्षांत सुमारे तेरा हजार लोक देशाबाहेर गेले. त्यांत शेकडो प्राध्यापक, संशोधक आणि डॉक्टर होते. ज्या देशाचे विद्वान परकीयांनी ठार मारले, त्याच देशाने उरलेल्यांपैकी कित्येकांच्या हाती परतीची वाट नसलेला प्रवासाचा कागद ठेवला.

२२/
उद्योगातील उदाहरण यात्सेक कार्पिन्स्की यांचे. वॉर्सा उठावात लढलेला हा अभियंता १९६० साली युनेस्कोच्या तरुण प्रतिभावंतांच्या स्पर्धेत निवडला गेला आणि अमेरिकेतील नामवंत विद्यापीठे पाहून परतला. १९७० च्या सुमारास त्याने ब्रिटिश कंपन्यांच्या साहाय्याने के-२०२ हा छोटा, वेगवान संगणक घडवला. तीसेक यंत्रे तयार झाली आणि १९७३ साली प्रकल्प बंद पडला. पुढे कार्पिन्स्की यांनी खेड्यात डुकरे आणि कोंबड्या पाळल्या. १९८१ मध्ये ते स्वित्झर्लंडला गेले.

२३/
के-२०२ भोवती आज दंतकथा जमल्या आहेत, म्हणून तोल सांभाळायला हवा. या यंत्राचे महत्त्वाचे सुटे भाग पश्चिमेकडून येत आणि त्यासाठी दुर्मीळ परकीय चलन लागे. पूर्व गटाचे देश एकाच प्रकारचे, परस्परांशी जुळणारे संगणक बनवण्याच्या योजनेत बांधलेले होते. तेव्हा केवळ मत्सरी नोकरशहांनी प्रतिभेचा गळा घोटला, असे म्हणणे पुरेसे नाही. पण प्रकल्प बंद करणे हा आर्थिक निर्णय असू शकतो. त्याच्या निर्मात्याला काम मिळू न देणे आणि पासपोर्ट नाकारणे, यांना आर्थिक कारण चिकटवता येत नाही.

२४/
ही सारी उदाहरणे शेजारी ठेवली की एक रेषा दिसते. स्टाइनहाउस, हिर्शफेल्ड, डानिश, प्शेस्मित्स्की यांना एकाच राजवटीने काम करू दिले आणि रेयेव्हस्की, चोखराल्स्की, कार्पिन्स्की यांना त्याच राजवटीने बाजूला सारले. म्हणून ‘साम्यवादामुळे घडले’ किंवा ‘साम्यवादामुळे बिघडले’ हे उत्तर थिटे पडते. ‘याला काय येते?’ हा प्रश्न जेथे आधी विचारला गेला, तेथे अर्धवट जळालेल्या इमारतींतही विज्ञान फुलले. ‘हा कोणाचा?’ हा प्रश्न जेथे आधी आला, तेथे चांगल्या इमारती असूनही माणसे वाया गेली. शिवाय हा दुसरा प्रश्न मंत्रालयांनीच विचारला असे नाही. चोखराल्स्कींच्या बाबतीत तो प्राध्यापकांनी विचारला.

२५/
२९ जून २०११ रोजी वॉर्सा तंत्रविद्यापीठाच्या अधिसभेने यान चोखराल्स्की यांना दोषमुक्त ठरवून त्यांचा मान परत दिला. युद्धकाळात ते पोलिश भूमिगत सैन्याला मदत करत होते, असे दाखवणारी कागदपत्रे सरकारी दप्तरखान्यात सापडली होती. २०१३ हे वर्ष पोलंडच्या संसदेने त्यांच्या नावे साजरे केले. १९४५ ते २०११, म्हणजे सहासष्ट वर्षे. कागद त्या काळात कोठे ना कोठे होताच, तो उघडून पाहण्याची इच्छा तेवढी नव्हती. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा : माणसाविषयीचा निवाडा पाठ होण्याआधी दप्तर उघडण्याची सवय लागली, तर किती चोखराल्स्की वेळेवर प्रयोगशाळेत परततील?

२६/
धागा येथे संपतो. विश्लेषणाशी मतभेद असल्यास खाली पुराव्यासह अवश्य मांडावा, विशेषतः के-२०२ विषयी. त्या संगणकावर पोलंडमध्येही अजून एकमत झालेले नाही.